आवाज येतो, चित्र नाही. नवा टीव्ही घेताना नेमकं काय बघू?

सावली१२

आमचा ४० इंची टीव्ही परवा संध्याकाळी गेला. पूर्ण गेला असंही नाही. बातम्या चालू असताना पडदा दोनदा लुकलुकला आणि काळा झाला, आवाज मात्र सुरूच राहिला. मी कामावरून आले तेव्हा बाबा त्या काळ्या पडद्यासमोर बसून बातम्या ऐकत होते. म्हणाले, "थांब, येईल चित्र आत्ता." तासभर वाट बघितली, आलं नाही. सेटला दहा वर्षं झाली आहेत, त्यामुळे आता नवाच घ्यावा असं घरात ठरतंय.

दोन दुकानं फिरून आले आणि डोकं भणभणलं. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी, ४के, ८के, एचडीआर, १२० हर्ट्झ. प्रत्येक विक्रेता वेगळंच काहीतरी महत्त्वाचं असल्याचं सांगतो. भिंतीवरचे सगळे सेट एकाच वेळी चालू, सगळ्यांवर तीच फुलं आणि तेच मासे, आणि सगळेच सारखे झगमगतात. त्यातून निवडायचं कसं?

आमच्याकडची परिस्थिती सांगते. सोफ्यापासून टीव्हीची भिंत बरोबर आठ फुटांवर आहे, टेपने मोजलंय. समोरच्या बाजूला मोठी खिडकी आहे, दुपारी पडद्यावर तिचं प्रतिबिंब पडतं. बाबांची खुर्ची खिडकीला लागून, म्हणजे टीव्हीच्या बरीच एका बाजूला. त्यांचं वय ७६. दिवसभर बातम्यांचं चॅनेल लावलेलं असतं, हल्ली ऐकायला थोडं कमी येतं. मी आणि माझा मुलगा रात्री जेवणं आटोपल्यावर एखादा सिनेमा बघतो.

अजून एक. मागच्या महिन्यात भावाकडे त्याचा नवा टीव्ही बघून बाबा म्हणाले, "यातली माणसं मेणाची वाटतात." सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं, वयाचा परिणाम म्हणून. पण मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा बोलले नाही, याचं वाईट वाटतंय. हे खरंच तसं असतं का?

मितभाषी

दहा वर्षं चालला, पैसे वसूल. दुरुस्तीच्या नादी लागू नका. बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा ओएलईडी घ्या, काळा रंग म्हणजे काय ते त्यावरच कळतं. आठ फुटांवर ६५ इंचसुद्धा चालेल. ८के (४केच्या चौपट ठिपके) घेऊ नका, त्या दर्जाचं बघायला फारसं काही मिळतच नाही.

जुनाकारागीर

सावलीताई, पैसे खर्च करण्याआधी आज रात्री एक काम करा. खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावा, आणि आवाज यायला लागला की टॉर्च पडद्याला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा. रिमोटवरून मेन्यू उघडा, कारण त्याची अक्षरं ठळक असतात. टॉर्चच्या उजेडात अक्षरं किंवा माणसांच्या पुसट आकृत्या हलताना दिसल्या तर चित्र तयार होतंय, पॅनेल ठीक आहे, फक्त त्याच्या मागचा दिवा गेलाय. दोनदा लुकलुकून काळा झाला आणि आवाज राहिला, हे तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तीच शंका आहे.

मी ३४ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. इतक्या वर्षांत सेट कितीही बदलले तरी मी प्रत्येक सेटला पहिला प्रश्न तोच विचारतो, की बाबा रे, तुझा उजेड येतो कुठून? तुम्हीही दुकानात हाच प्रश्न विचारा. खोक्यावरच्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यातूनच लागतो.

मी शिकाऊ होतो तेव्हा सगळे पिक्चर ट्यूबचे ठोकळे. २९ इंची रंगीत सेट उचलायला दोन माणसं लागायची, वजन चाळीस किलोच्या पुढे. सेट उघडला की पहिलं काम ट्यूब डिस्चार्ज करायचं. ट्यूबच्या पाठीवर एक रबरी टोपी असते, तिच्याखाली सुमारे २५ हजार व्होल्ट, आणि ते सेट बंद केल्यावरही काचेत साठून राहतात. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थिंगच्या जाळीला अडकवायचं, डावा हात पाठीमागे घ्यायचा आणि उजव्या हाताने टोपीखाली पातं सरकवायचं. टक् असा आवाज यायचा. माझे गुरू पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा तेच करायला लावायचे, कारण काचेत थोडा चार्ज परत वर येतो. दुसऱ्यांदाही बारीक टक् व्हायचंच. त्याशिवाय आत हात घालू द्यायचे नाहीत, आणि मीही आजवर कुणाला घालू दिलेला नाही.

त्या सेटमध्ये उजेड पडद्यावरच जन्माला यायचा. मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा, काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आपटायचा आणि तो ठिपका क्षणभर पेटायचा. एक रेष, मग तिच्याखालची, मग पुढची. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. त्या गतीने ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टी मारायचा. टीव्ही नुसता चालू आहे हे शेजारच्या खोलीतल्या लहान मुलांना त्या शिट्टीवरून कळायचं, मोठ्यांना पत्ता नसायचा. चाळिशीनंतर मलाही ती ऐकू येईनाशी झाली. कधी पडद्याच्या मधोमध नुसती एक आडवी पांढरी रेघ घेऊन सेट यायचा. चित्र वर-खाली पसरवणारं सर्किट बसलेलं असायचं, आणि बऱ्याचदा कारण काय, तर एक सुटलेलं सोल्डर. दहा मिनिटांत सेट घरी. तसं काम आता क्वचित येतं.

आता तुमच्या बाबांचं. ते बरोबर बोलले, ताई. यात वयाचा काहीही संबंध नाही. बातम्यांचं साधं प्रक्षेपण बहुतेकदा ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. जुन्या ट्यूबवर ते बेताच्या आकारात आणि जरा मऊसर दिसायचं, त्यामुळे डोळ्याला गोड वाटायचं. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात. हिशेब करून बघा, एका ठिपक्यातून सेटला वीस ठिपके तयार करावे लागतात. एकोणीस त्याच्या मनाचे. मग चित्रातली खरखर पुसण्यासाठी तो चेहरा गुळगुळीत करतो, त्यात त्वचेचा पोत जातो, आणि वर धारदार दिसावं म्हणून कडांना पांढरट किनार लावतो. मेण दिसतं ते इथे.

त्यात भर गतीची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ट्यूबवर ठिपका पेटून लगेच विझायचा. हल्लीचे पडदे एक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतात, त्यामुळे हलणारी वस्तू डोळ्याला फराटल्यासारखी वाटते. त्यावर तोडगा म्हणून सेट दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो. खेळाच्या सामन्यात ते चालून जातं. सिनेमात मात्र माणसं पाण्यावरून घसरल्यासारखी चालतात. दिग्दर्शकांनी बरीच ओरड केली, तेव्हा २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' नावाची सेटिंग जाहीर झाली. ती हे सगळं एका बटणात बंद करते. भावाला सांगा, सेटिंगमध्ये मोशन, स्मूथ, क्लिअर असे शब्द जिथे दिसतील ते बंद कर, नॉइज रिडक्शन बंद कर, शार्पनेस बराच खाली आण आणि चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेव. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळा सरावला की झगमगीत मोडमधला निळसर पांढरा सहन होत नाही. बाबांना पुन्हा घेऊन जा आणि दाखवा.

आता दुकानातले शब्द. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. ती लाखो झडपांची जाळी आहे, मागून दिवा आणि पुढे झडपा. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, २०१० च्या आसपास त्यांच्या जागी एलईडी आले आणि जाहिरातीत त्याच सेटचं नाव एलईडी टीव्ही झालं. तुमचा दहा वर्षांचा सेट तो. क्यूएलईडी हाही एलसीडीच, त्यात निळ्या एलईडीपुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो, तो निळ्यातून शुद्ध लाल आणि हिरवा काढून देतो. रंग खरोखर सुधारतात, पण झडपा त्याच. या कामाची किंमत लहान नाही. निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, क्वांटम डॉट्सना २०२३ चं रसायनशास्त्राचं.

झडप कितीही घट्ट मिटली तरी मागचा उजेड थोडा झिरपतोच. रात्रीच्या दृश्यात काळं राखाडी दिसतं ते त्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे मागच्या दिव्यांचे स्वतंत्र गट करून गडद भागामागचे दिवे मंद करायचे. याला लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडी म्हणजे हेच, फक्त दिवे खूप बारीक आणि गट शेकड्यांनी. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. एका अर्थी आपण ट्यूबच्या काळातल्या उजेडाकडे परत आलो. मध्ये प्लाझ्माही तसाच होता, ठिपक्यागणिक पेटणारा. वीज खायचा आणि तापायचा, पण चित्र फार सुंदर. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी तो बंद केला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. माझ्या घरी अजून एक आहे.

मितभाषी म्हणतात ते रात्रीच्या सिनेमासाठी अगदी खरं आहे, ओएलईडीच्या काळ्याला तोड नाही. पण तुमच्याकडे दिवसा समोर खिडकी आहे आणि दिवसभर बातम्या आहेत. सगळा पडदा उजळ असतो तेव्हा ओएलईडी स्वतःला मंद करतो. आणि खाली सरकणारी पट्टी, कोपऱ्यातलं चॅनेलचं चिन्ह रोज आठ-दहा तास त्याच जागी पेटलं की तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात. मग सिनेमातही तो डाग दिसतो. हे एकदा झालं की पॅनेल बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि पॅनेल म्हणजे जवळजवळ अख्ख्या सेटची किंमत. बाबांनी मनसोक्त बातम्या बघाव्यात, सेटला जपत बसू नये. तुमच्या घरासाठी मी लोकल डिमिंग असलेला, मागे सर्वत्र दिवे असलेला एलसीडीच घेईन.

'मागे सर्वत्र' हे मुद्दाम लिहिलं. फार सडपातळ सेटमध्ये दिवे फक्त एका कडेला असतात आणि उजेड पुढे पसरवला जातो. तिथे उष्णता एका जागी कोंडते. माझ्या टेबलावर असे सेट लवकर येतात. पुरुषभर लांबीच्या भिंतीवर दोन बोटं जाडी कमी झाल्याने कुणाचं काय भलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

आधी टॉर्चचं करा आणि इथे लिहा.

रात्रपाळी

काकांनी डागाचं लिहिलं त्याला माझा दुजोरा. माझ्याकडे ओएलईडी आहे, चार वर्षं झाली. मी रात्री काम करतो, दिवसा पडदे ओढून सिनेमे बघतो, माझ्यासाठी तो उत्तम आहे. डाग पडलेला नाही. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. मी रोज टीव्ही बघून झाला की भिंतीवरचं बटण बंद करायचो, वीज वाचवायची म्हणून. ओएलईडी सेट रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत ठिपक्यांची झीज मोजून सारखी करतो, आणि त्यासाठी त्याला वीज चालू लागते. मी वर्षभर त्याला ते करूच दिलं नव्हतं. कुणी ओएलईडी घेत असेल तर हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

दुसरं आवाजाचं. तुमच्या वडिलांना कमी ऐकू येतं ना? माझ्या आईचं तेच आहे. नव्या सेटचे स्पीकर पातळ असतात आणि बहुतेकांचं तोंड खाली किंवा मागे असतं. आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. आई आवाज वाढवत न्यायची, तरी म्हणायची बोलणं कळत नाही. मी समोर एक छोटा साउंडबार ठेवला, त्यात 'व्हॉइस' म्हणून सेटिंग आहे. त्याच दिवसापासून आवाज निम्म्यावर आला. तुमच्याकडे चित्राआधी आवाजाचा विचार करा असं मी म्हणेन.

सावली१२

काका, दिसलं! काल रात्री सगळे दिवे घालवून मी आणि मुलाने टॉर्च लावली. आधी काहीच कळेना. मग मुलाने टॉर्च काचेला टेकवून आडवी केली आणि मेन्यूची अक्षरं दिसली. पांढरी नाहीत, राखाडीवर राखाडी, पण वाचता येत होती. थोड्या वेळाने निवेदिकेचा चेहरा दिसला, पाण्याच्या तळाशी असल्यासारखा. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "मी म्हटलं होतं, चित्र आहे आत."

आता प्रश्न असा की दुरुस्त करावा की नाही? आणि नवा घेतला तर कितीचा? रात्रपाळी, आवाजाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

जुनाकारागीर

बाबांना माझा नमस्कार सांगा.

दुरुस्त होण्यासारखा आहे. आत पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली एलईडीच्या लांब पट्ट्या असतात, प्रत्येक दाण्यावर छोटं गोल भिंग. दाणे एकामागोमाग एक जोडलेले, माळेसारखे. एक दाणा जळाला की माळ तुटते, सर्किटला ते कळतं आणि ते सगळेच दिवे बंद करतं. म्हणजे नखाएवढ्या दाण्यासाठी अख्खा सेट काळा. कारागिराला एक सांगा, जळालेला एकच दाणा बदलू नको, सगळ्या पट्ट्या बदल. बाकीचे दाणेही तेवढेच तास जळलेत, सहा महिन्यांत दुसरा जाईल. बदललेल्या आणि जुन्या दाण्यांचा रंगही जमत नाही, पडद्यावर ढग दिसतात. काही सेट काळे व्हायच्या आधी जांभळट दिसायला लागतात. दाणा मुळात निळा असतो, वरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे पांढरा दिसतो, आणि तो लेप जळत गेला की निळा उघडा पडतो.

तुम्ही स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायमध्ये चार्ज राहतो, आणि पॅनेलची काच इतकी पातळ असते की ती दोघांनी चारी बाजूंनी धरून सपाट उचलावी लागते. तिच्या कडेला कागदासारख्या फिती असतात, एक फाटली तर उभी पट्टी कायमची. माझ्या हातूनही एकदा फाटली आहे. त्या गिऱ्हाइकाला मी दुसरा सेट दिला, पण ती काच उचलतानाचा बारीक 'चर्र' अजून विसरलो नाही. ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडेच द्या.

दुरुस्त होऊन आला की मेन्यूत बॅकलाइट शंभरावर असेल तो साठच्या खाली आणा. दिवे जळतात ते बहुतेक याच कारणाने. कारखान्यातून सेट येतो तो दुकानातल्या उजेडासाठी लावलेला, आणि घरी कुणी बदलत नाही.

नव्याचं माप. आठ फुटांवरून ५५ इंच बरोबर. नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन पडद्याने भरला की सिनेमा छान वाटतो, आणि इंचांतल्या अंतराला (तुमचे ९६ इंच) १.६ ने भागलं की कर्णाचं माप मिळतं. तुमचं उत्तर ६० इंच येतं. म्हणजे ६५ रात्री तुम्हाला आवडेल, पण त्या मापावर साध्या प्रक्षेपणाचे दोष अजून मोठे होतील, आणि बाबा तेच बघतात. ठिपक्यांचं सांगायचं तर ५५ इंचावर सात फुटांपलीकडून चांगली नजरसुद्धा फुल एचडीचे ठिपके वेगळे ओळखू शकत नाही. या मापात सगळे सेट ४केच येतात म्हणून घ्यायचा. ८केचा विचारही नको.

बाबांच्या खुर्चीचा मात्र घोळ आहे. एलसीडीत दोन मुख्य जाती. व्हीए पॅनेलचा काळा खोल असतो, साधारण तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक), पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही सारखं दिसतं, पण कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास, रात्री काळं राखाडी. विक्रेत्याला जात माहीत नसेल तर चेहरा असलेलं चित्र लावून पडद्याच्या कडेला, बाबांच्या खुर्चीच्या कोनात उभं राहा. तुम्हीच ठरवाल. माझं मत, व्हीए घ्या आणि भिंतीला बाहेर ओढून वळवता येणारा ब्रॅकेट लावा. दिवसा टीव्ही बाबांकडे वळवायचा, रात्री सरळ. वळवला की खिडकीचं प्रतिबिंबही सरकतं, बाबांच्या खुर्चीतून कुठल्या कोनात ते कमी दिसतं ते बघून घ्या. ब्रॅकेट घेताना सेटच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये बघून घ्या, आणि टेबलावरच ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर. हल्ली पाय अगदी दोन टोकांना असतात. घरी आणल्यावर टेबल आखूड पडलं म्हणून परत गेलेले सेट मी बघितलेत.

१२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याची, गोष्ट लहान आहे. २४ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून साध्या, ६० हर्ट्झच्या सेटवर कॅमेरा हळू फिरताना चित्र किंचित अडखळतं. १२० ला बरोबर पाचचा भाग जातो. तुम्ही रोज सिनेमा बघता, जमलं तर घ्या. फक्त खोक्यावर 'मोशन' शब्दाला जोडून आलेला आकडा धरू नका, पॅनेलचा खरा आकडा विचारा. एचडीआरचं, म्हणजे उजळ आणि गडद भागांत जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राचंही तसंच. बहुतेक सेट तो सिग्नल घेतात, पण पडद्यात तेवढा उजेड नसेल तर चित्र उलट अंधारतं. ते सिनेमे बऱ्याचदा १००० निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवलेले असतात, आणि स्वस्त सेट ३०० च्या आसपास दमतो.

आणि नवा सेट लावताना 'मी सहमत आहे' हे बटण दाबत सुटू नका. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय त्यात असते. प्रायव्हसीच्या यादीत जाऊन ती बंद करा. माझ्या घरात माझे बाबा रात्री काय बघतात ते कुठल्याही कंपनीला कळता कामा नये, असं मला वाटतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. दुकानातली फुलं आणि मासे सोडा. खऱ्या फुलाचा रंग काय होता ते आपल्याला माहीतच नसतं. बाबांचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, दिवसाच्या उजेडात, खुर्चीत बसून बोलताना. पेनड्राइव्हवर घाला. सोबत एक नुसतं राखाडी चित्र, त्यात कुठे मळकट पट्टे दिसतात का बघायला. विक्रेत्याला सेट घरच्या मोडवर आणायला सांगा, चित्र 'सिनेमा'वर, आणि मग बाबांचा चेहरा बघा. तो चेहरा तुम्ही आयुष्यभर बघताय. कुठल्या सेटवर तो खरा आहे हे तुम्हाला क्षणात कळेल.

सावली१२

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

जुना सेट दुरुस्त झाला. कारागिराने जळालेली पट्टी मला दाखवायला ठेवली होती. एका भिंगाच्या आत टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका, बस, तेवढंच. सगळ्या पट्ट्या बदलल्या. तो आता बाबांच्या खोलीत, पलंगासमोर सहा फुटांवर आहे.

बाहेर ५५ इंची, मागे सर्वत्र दिवे असलेला, वळणाऱ्या ब्रॅकेटवर. दुकानात बाबांना घेऊनच गेले. विक्रेता घरचा मोड लावायला सुरुवातीला तयार नव्हता, मग लावला. पहिल्या सेटवर बाबांचा चेहरा नारिंगी, दुसऱ्यावर कपाळावरच्या सुरकुत्याच गायब. तिसऱ्यावर त्यांच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण दिसला. बाबा पुढे झाले, बोट काचेपाशी नेलं आणि म्हणाले, "हा मी." तोच घेतला.

भावाच्या सेटवरचं मोशन आणि नॉइज रिडक्शन बंद करून आले. बाबांना तिथे बसवलं आणि काही न सांगता बातम्या लावल्या. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, टीव्ही बदललास का रे?

साउंडबार आला आहे, आवाज २२ वरून ११ वर. जुन्या सेटचा बॅकलाइट ५५ वर ठेवलाय, काका. बाबांच्या खोलीत तो पुरतो.